एका ताग्यातले

आमच्या घरात वर्षं आकड्यांनी लक्षात राहत नाहीत, रंगांनी राहतात. माझं लग्न झालं ते गुलाबी वर्ष. आबा गेले ते राखाडी, दादा गेले ते आकाशी. माझा मुलगा बारावीला एकदाचा पास झाला आणि आईने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, ते वर्ष मोतिया. बाहेरच्या माणसाला हे ऐकून वाटतं की ही बाई शाळेत पोरांना शिकवून शिकवून दमलेली आहे. पण आमच्या नात्यातल्या कुणालाही विचारा. वांगी वर्षी कोणाचा बाप्तिस्मा झाला आणि पिवळ्या वर्षी कोणी कोणाशी अबोला धरला, हे तो झोपेतून उठून सांगेल.

यंदाच्या वर्षाला मात्र रंग नाही. नाताळ होऊन गेला, दारावरची कागदी चांदणी अजून उतरवलेली नाही. शेजारची पोरं रोज विचारून जातात, "आंटी, तारा कब उतरेगा?" त्यांना तो खाली आल्यावर त्याच्या आतला बल्ब हवा असतो. दरवर्षी तो त्यांनाच मिळतो. या दिवसांत भिवंडीची हवा चमत्कारिक असते. पहाटे गारवा असतो, पण त्या गारव्याला धूळ, धूर आणि सुताची तूस असा सगळा वास असतो. नाकात बोट घातलं तर काळं निघतं. थंडी म्हणजे गुलाबी असते असं पुस्तकात वाचून आलेली माझी सून पहिल्या डिसेंबरात आठ दिवस शिंकत होती. मला हीच हवा नाताळाची वाटते. तुपात तळलेल्या करंज्या आणि लूमला, म्हणजे यंत्रमागाला, घालायचं तेल, हे दोन वास मला वेगळे करता येत नाहीत. लहानपणी ते एकाच दारातून आत यायचे.

आम्ही मराठी ख्रिस्ती. आमचे आजोबा, म्हणजे आबा, नगरकडच्या एका कोरड्या गावातून भिवंडीला आले आणि इस्माईल सेठच्या कारखान्यात जॉबर झाले. जॉबर म्हणजे लूम बिघडला की त्याला ताळ्यावर आणणारा माणूस. सेठ कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीत रुजलेले. पहिल्या वर्षी आबांनी नाताळाची सुट्टी मागितली तेव्हा सेठनी विचारलं म्हणे, की तुमच्या सणाला काय काय करतात. आबा म्हणाले, नवे कपडे घालून देवळात जातो. आमची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणायची. सेठनी कोपऱ्यातला एक तागा उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवला. कोरं कापड होतं, पण मधली एक तार तुटून गेली होती आणि त्या तारेच्या जागी ताग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक रेघ पडली होती. असा माल व्यापारी घेत नाही. आबांनी तो रंगवून आणला आणि घरातल्या सगळ्यांना त्याच ताग्यातले कपडे शिवले.

तेव्हापासून हे चालू आहे. दर डिसेंबरला सेठकडून एक तागा यायचा, कुठेतरी चुकलेला. कधी रेघ, कधी डाग, कधी मध्येच विरळ विणलेला पट्टा. तो डाईंगवाल्याकडून रंगवून आणायचा. रंग कुठला, हे ठरवायची घरात पाळी असते. मग लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या अंगावर तेच कापड. आबांचे आणि दादांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे, सदरे, आजीची चोळी, आमचे फ्रॉक. उरलेल्यातून पेटीला, म्हणजे आमच्या हार्मोनियमला, खोळ, जेवणाच्या टेबलावर कापड, आणि त्यातूनही उरलं तर गरम पातेलं उतरवायची चिंधी. नाताळाच्या दिवशी आम्ही रस्त्याने निघालो की लोक वळून बघायचे. धामणकर नाक्यावर एकदा एका रिक्षावाल्याने दादांना विचारलं होतं, "किसकी शादी में बजाना है?" त्याला आम्ही बँडवाले वाटलो.

तागा फाडायचा तो डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी, उपासना झाल्यावर. आमच्याकडे त्याला फाडणीचा रविवार म्हणतात. फाडायचा मान आत्याचा. मरियम आत्या ही दादांची धाकटी बहीण, लग्नानंतर दोन गल्ल्या सोडून राहिली आणि विधवा झाल्यावर परत आमच्याकडेच आली. तिचा जन्म भिवंडीचा, बोली इथल्या गावांतली. चटईवर तागा उलगडायचा, आम्ही दोन्ही बाजूंनी धरायचा. आत्या थोरापासून एकेकाचं नाव घेणार. ज्याचं नाव त्याने "हाय" म्हणायचं. तो कामावर किंवा परगावी असेल तर त्याच्या वतीने घरातल्या कुणीतरी म्हणायचं. "हाय" आल्याशिवाय आत्याची कात्री चालत नाही. मग ती काठाला एक टोक मारते आणि दोन्ही हातांनी चर्रकन फाडते. कापड सरळ रेषेत फाटत जातं. त्या आवाजाने आमचा नाताळ सुरू होतो. येणारा येवो न येवो, त्याचा तुकडा निघतोच. माझा मुलगा नोकरीला बंगळूरला गेला तेव्हा मी म्हटलं, आता त्याचं कशाला, तो काही हे घालून ऑफिसला जाणार नाही. आत्या म्हणाली, तो घालो नाहीतर गाडी पुसो, तुकडा निघनार. आणि त्याच्या वतीने मलाच "हाय" म्हणायला लावलं.

शांतवन माझा धाकटा भाऊ. त्याच्या वतीने "हाय" म्हणायचं काम आईचं. तो वळ गावातल्या एका गोदामात सुपरवायझर होता आणि डिसेंबरात त्याला रविवार असा नसायचाच. इस्माईल सेठचा कारखाना केव्हाच बंद पडला, लूम वजनावर भंगारात गेले, तशी भिवंडीतली निम्मी माणसं लूम सोडून गोदामात शिरली. नाताळ आला की त्याच्या गोदामात सीझन. प्लास्टिकची झाडं, लाल टोप्या, चकचकीत गोळे, सगळं खोक्यांत भरून देशभर जायचं. शांतू म्हणायचा, "ताई, अख्ख्या देशाचा नाताळ माझ्या हातून जातो. फक्त मलाच सुट्टी न्हाय." तरी पंचवीस तारखेला तो यायचाच. ईदला तो गोदामातल्या सलीमची ड्युटी करायचा, नाताळाला सलीम त्याची. हा करार दोघांनी कधी कुणाला विचारून केला नव्हता.

गेल्या वर्षी रंगाची पाळी शांतूची होती. त्याने ती आपल्या लेकीला, एस्तेरला देऊन टाकली. एस्तू सात वर्षांची. तिने पोपटी सांगितला. तुम्ही पोपटी म्हणजे काय समजता मला माहीत नाही, पण डाईंगवाल्याकडून जे आलं ते बघून मी दारातूनच परत पाठवत होते. मी शांतूला म्हटलं, अरे, पन्नाशीच्या बाईने हे घालायचं? उद्या वर्गात पोरं मला डाळ घालतील. तर म्हणाला, "ताई, पोपट म्हातारा झाला म्हणून काय राखाडी होतो?" आत्याने पोपटी चोळी घातली आणि ती दिवसभर पदर सावरत राहिली. त्या ताग्यात जुन्या काळासारखी तुटलेल्या तारेची रेघ होती. माझ्या कुर्त्यात ती खांद्यावरून खाली गेली, शांतूच्या सदऱ्यात खिशाखाली आली. एस्तूच्या फ्रॉकमध्ये आत्याने ती बेमालूम आत दुमडली. लेकरांच्या कपड्यात आत्या आत चांगली चार बोटं दुमड ठेवते, पोर वाढलं की उसवायला.

तो पोपटी नाताळ मी किती वेळा मनात घालून बघितला असेल. शांतू रात्रपाळी करून सकाळी थेट चर्चमध्ये आला, सदरा पिशवीतून काढून तिथल्याच बाथरूममध्ये घातला. त्याच्या पाठीवर घडीच्या रेघा होत्या. प्रवचन सुरू झालं तसा तो आत्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. आत्या प्रवचनभर हलली नाही. शेवटी सगळ्यांनी "आमेन" म्हटलं तेव्हा दचकून जागा झाला आणि सगळ्यांत मोठ्याने आमेन तोच म्हणाला. पाळकसाहेबसुद्धा हसले.

आणि त्याआधी, घरून निघताना, जे दरवर्षी व्हायचं ते झालं. आम्ही सगळे तयार होऊन दारात उभे राहतो आणि आई आम्हाला या टोकापासून त्या टोकापर्यंत बघते. दरवर्षी तेच बोलते. रंग कसाही असो, कापडाला कितीही डाग असोत, ती म्हणते, "सगळ्यांना शोभून दिसतंय." ती हे मनापासून म्हणते की आम्ही तक्रार करू नये म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही. त्यानंतर शांतू बोलायचा. लहान होता तेव्हापासून त्याचं ते एक वाक्य ठरलेलं. "पडदा तयार. फक्त टांगायचं बाकी." मग सगळे हसायचे आणि मग निघायचं. गेल्या वर्षी तो घरून निघताना आमच्यात नव्हता, म्हणून आईने चर्चच्या फाटकाशी आम्हाला परत उभं केलं. परत तेच बोलली. मग तोही बोलला. तेव्हा मी म्हटलं होतं, आई, पुरे झाला हा तमाशा, लोक बघतायत.

ऑगस्टच्या पावसात, ड्युटी संपवून येताना, मानकोलीच्या नाक्यावर कंटेनरने शांतूच्या मोटरसायकलला मागून धडक दिली. याच्यापुढे मला त्या दिवसाबद्दल काही लिहायचं नाही. लिहायला बसले की हात दुसरंच काहीतरी करू लागतात. शेंगदाणे निवडतात, कपाट लावतात.

फक्त सदऱ्याचं सांगते. आबा गेले ते जानेवारीत, नाताळाचे कपडे अजून नवे होते. त्यांना शवपेटीत ठेवताना काय घालायचं असा प्रश्न आला तेव्हा आजी म्हणाली, त्यांचा नाताळचा सदरा घाला, देवाकडे नव्या कपड्यानंच जातात. पुढे दादांनाही तसंच. आमच्यात ती रीतच पडली. माणूस आपल्या शेवटच्या नाताळाच्या कपड्यात जातो. दादांच्या वेळी आकाशी होता, कुणाच्या लक्षातही आलं नाही. शांतूच्या वेळी पाळकसाहेब आईला बाजूला घेऊन हळूच म्हणाले की पांढरा शर्ट असेल तर बरा दिसेल. आई कपाटापाशीच उभी होती. ती म्हणाली, "त्याचा नाताळचा सदरा हाय." आणि तिने तो काढून दिला. काळ्यापांढऱ्या कपड्यांतल्या सगळ्या माणसांच्या मध्ये माझा भाऊ पोपटी रंगात झोपला होता. खिशाखाली ती रेघ होती. मला त्याला उठवून म्हणायचं होतं की बघ, शेवटी मलाच लाज आणलीस.

मेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकतात, कारण ते दिसले की जीव जातो. आमचं काय करायचं? घरी आले तर दोरीवर माझा पोपटी कुर्ता वाळत होता. टेबलावर ते कापड. पेटीवर ती खोळ. चहाचं आधण उतरवायला चिंधी घेतली, तीही तीच. जे त्याच्याबरोबर मातीत गेलं ते घरात जिकडेतिकडे होतं. मी सगळं गोळा करून ट्रंकेत घातलं. आईने दुसऱ्या दिवशी पेटीची खोळ परत काढून पेटीवर घातली.

पाऊस संपता संपता सारिका, शांतूची बायको, एस्तूला घेऊन श्रीरामपूरला भावाकडे गेली. शाळेचं कारण सांगितलं. खरं कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. संध्याकाळी गल्लीत कुठलीही मोटरसायकल वळली की ती हातातलं सोडून दाराकडे बघायची, आणि तिला बघून एस्तूही बघायची. आईने तिला अडवलं नाही. जाताना डबा दिला, एस्तूच्या हातात खाऊ दिला, आणि रिक्षा वळेपर्यंत उभी राहिली. नंतर ती मला म्हणाली की नाताळाला आली तर आपली, नाही आली तर आपण मोकळे. तिच्या तोंडून इतकं कडू वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. तिला वाटत होतं की मुलगा गेला तो गेलाच, आता नातही हळूहळू फोनमधला आवाज होऊन जाणार. मलाही तेच वाटत होतं, फक्त मी ते बोलत नव्हते.

नोव्हेंबर संपताना फारूकभाईंचा फोन आला. फारूकभाई म्हणजे इस्माईल सेठचे चिरंजीव. त्यांच्याकडे आता एकही लूम नाही, तरी ते दुसऱ्याच्या कारखान्यातून दरवर्षी तागा पाठवतात. अब्बांचं चालू होतं, चालू राहू दे, म्हणतात. मातीला आले होते तेव्हा आईसमोर बसून नुसते रडले होते. फोनवर बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "बाई, या वर्षी पाठवू का न्हाय? आप जो बोलो." मी आईला न विचारता पाठवा म्हणून सांगितलं. मला वाटलं, निदान एस्तूच्या अंगावर नवं हवं. रंगाची पाळी या वर्षी आईची होती. तिला विचारलं तर ती "बघू" म्हणाली. दोनतीनदा "बघू" ऐकल्यावर मी विचारायचं सोडलं, आणि तागा आला तसाच, कोराच, पांढराफटक, चटईवर उलगडला.

त्या फाडणीच्या रविवारी घरात आम्ही थोडेच होतो. माझा नवरा, मी, आई, आत्या, आणि नाशिकहून आलेला चुलतभाऊ आणि त्याची बायको. आत्याला दोनचार दिवस बरं नव्हतं, पण कात्री तिने कुणाला दिली नाही. तिने आधी आपलंच नाव घेतलं, आपणच "हाय" म्हणाली, आपलाच तुकडा फाडला. मग आईचं नाव. आई म्हणाली, हाय. चर्र. मग माझं. मी म्हटलं, हाय. चर्र. मला त्या आवाजाने जरा बरंसुद्धा वाटलं. माझ्यानंतर माझ्या नवऱ्याचं, त्यानंतर आत्या म्हणाली, "शांतवन."

आणि आई म्हणाली, "हाय."

चर्र.

तुकडा आत्याच्या हातात आला तेव्हा कुठे आम्हा सगळ्यांना कळलं. चूक कुणाचीच म्हणता येत नव्हती. एवढ्या वर्षांत त्या जागी तेच नाव येत होतं, आणि त्या नावाला आईच उत्तर देत होती, कारण तो ड्युटीवर असायचा. ऑगस्टपासून त्या घरात त्याचं नाव इतक्या मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं. आत्याच्या मांडीवर तो पांढरा तुकडा होता आणि ती तोंडावर हात ठेवून आईकडे बघत होती. मी आईकडे बघितलं नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला आईचा हेवा वाटला. त्या एका "हाय"पुरता तिचा मुलगा गोदामात होता, खोकी मोजत होता, संध्याकाळी घरी येणार होता.

कापड फाटलं की फाटलं. ते परत ताग्याला लागत नाही. आत्या रडत म्हणत होती की माझी अक्कल गेली, माझ्या जिभेला काय झालं. आई उठली. तिने तो तुकडा आत्याच्या मांडीवरून घेतला, काठाला काठ जुळवून घडी घातली, मग बाकीच्या आमच्या तुकड्यांच्याही घड्या घातल्या, उरलेला तागा गुंडाळला. सगळं ट्रंकेत ठेवलं आणि त्याच ट्रंकेतून मी कोंबलेले पोपटी कपडे एकेक करून बाहेर काढले. मग म्हणाली, "त्याला या वर्षी नवं न्हाय. त्याच्या अंगावर गेल्या वर्षीचंच हाय. मग आपल्या सगळ्यांच्या अंगावर तेच असू दे. एकटा कशाला वेगळा दिसंल?"

माझ्या चुलतभावाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं, त्याच्या बायकोने त्याचा हात धरला. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. आमच्याकडे दुःख झालं की नळ सोडायची पद्धत आहे, कारण भिंती पातळ आहेत.

सारिकाला फोन मीच केला. आधी दोनदा केला होता तेव्हा ती म्हणाली होती की ताई, या वर्षी नको, मला त्या दारातून आत यायला होणार नाही. या वेळी मी तिला ये म्हटलंच नाही. फाडणीला काय झालं ते सांगितलं, आणि आई काय म्हणाली ते सांगितलं. मग ती म्हणाली, "ताई, एस्तूचा फ्रॉक आता आखूड होतो." मी म्हटलं, आत्याने आत दुमड ठेवलीय, चार बोटं, उसवून बघ. "बघते," म्हणाली आणि फोन ठेवला. मी आईला यातलं काही सांगितलं नाही. आशा लावायची आणि मग ती मोडायची, हे मला तिच्या बाबतीत परत करायचं नव्हतं.

चोवीस तारखेला दुपारी आई करंज्या तळत होती. पारी लाटायला मी, भरायला आत्या. दार उघडंच होतं. एस्तू आत आली ती थेट कढईपाशी आणि म्हणाली, "आजी, मला फुटलेली दे." फुटलेली करंजी आधी शांतूची असायची, मग तिची झाली. आईने झारा तसाच हातात धरून तिला एका हाताने पोटाशी घेतलं. सारिका उंबऱ्यात पिशवी घेऊन उभी होती. आत्या पीठ लागलेल्या हातांनी उठली आणि तिला आत घेऊन आली. त्या दिवशी एक अख्खा घाणा करपला. तो आम्ही तसाच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्यांनी पोपटी घातलं. वर्षभर धुऊन धुऊन तो रंग बराच उतरला होता, आता तो डोळ्यांत खुपत नव्हता. मला मात्र पहिला भडकपणाच हवासा वाटला. एस्तूच्या फ्रॉकला खाली चार बोटांची पट्टी वेगळी दिसत होती. उसवलेल्या दुमडीचा रंग अजून कोराकरकरीत होता, आणि त्या पट्टीत आत्याने लपवलेली रेघही आता बाहेर आली होती. मी सवयीने दारात थांबले. आई आमच्याकडे न बघता चपला घालून पुढे निघाली. त्या दिवशी दारात तिचं ते ठरलेलं वाक्य झालंच नाही. चर्चमध्ये आम्ही एक अख्खी ओळ भरून बसलो. लोकांनी वळून बघितलं. सगळ्यांनी तो रंग ओळखला असणार, कारण तो त्यांनी शांतूच्या शवपेटीत बघितला होता. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या एका म्हातारीने पुढे वाकून नुसता माझ्या बाहीला हात लावला. प्रवचन माझ्या कानावरून गेलं. शेवटचं आमेन आलं तेव्हा मी ऐकत राहिले. ते सगळ्यांनी मिळून म्हटलेलं, नेहमीसारखं होतं. मोठ्याने म्हणणारं कुणी नव्हतं.

बाहेर आल्यावर घरी जायचं, जेवायचं, शेजारी फराळाची ताटं द्यायची, हा क्रम. आईने रिक्षा कबरस्तानाकडे वळवायला सांगितल्या. नाताळाच्या दिवशी आम्ही तिथे कधी जात नाही. सणाच्या दिवशी तिथे काय, असं आजीच म्हणायची.

शांतूची माती अजून पुरती बसलेली नाही. दगड लावायचा आहे. पावसाळ्यात वाढलेलं गवत वाळून पिवळं झालं होतं, ते माझ्या नवऱ्याने हाताने उपटलं. आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंनी उभे राहिलो, कुणी ठरवलं नव्हतं तरी थोरापासून धाकट्यापर्यंत, आत्या, आई, मी, माझा नवरा. मग तो. मग सारिका, मग नाशिकची दोघं, आणि टोकाला एस्तू. ऊन चांगलं पडलं होतं. लांब हायवेवरून कंटेनर चालल्याचा आवाज येत होता. एस्तू वाकून आपल्या फ्रॉकची खालची पट्टी बघत होती. एकदा पट्टी बघायची, एकदा वरचं कापड.

"आजी," ती म्हणाली, "पप्पाच्या शर्टाचा पण रंग उडला असेल?"

सारिकाने मान फिरवली.

"न्हाय गं," आई म्हणाली. "रंग उन्हानं उडतो. त्याला कुठं ऊन लागलंय? तुझ्या आतल्या दुमडीसारखाच हाय, नवाच्या नवा."

एस्तूला ते पटलं. तिने फ्रॉक सोडून दिला आणि आईचा हात धरला. आईने मग आम्हाला या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. आत्या, मी, माझा नवरा. मधे मातीवर तिची नजर तेवढीच थांबली, जेवढी बाकीच्यांवर थांबली होती. मग सारिका, मग पुढचे.

"सगळ्यांना शोभून दिसतंय," ती म्हणाली.

यानंतर दरवर्षी शांतू ते पडद्याचं बोलायचा. आम्ही थांबलो.